बिदरचा मोजणीदार : कर्नल विल्यम लॅम्बटन

बिदर म्हटले की आपल्या घरोघरी चार गोष्टी हटकून आठवतात. बहामनी किल्ला, महमूद गवानचा मदरसा, दिवाणखान्याच्या कोनाड्यातली बिद्रीची सुरई आणि भालकी-हुमनाबादकडची सोयरीक. या यादीत सुमारे आठ मैल लांबीच्या एका सरळ रेषेला कोणीच जागा देत नाही. ती रेषा डोळ्यांना दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे. पण कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत हिंदुस्थानचा जो कणा इंग्रज मोजणीदारांनी मोजला, त्यातला एक मणका या बिदरच्या माळावर आहे. तो १८१५ साली बसवणारा माणूस म्हणजे कर्नल विल्यम लॅम्बटन.

लॅम्बटनचे चरित्र मी पुन्हा वाचावयास घेतले ते एका निराळ्याच निमित्ताने. हल्ली वर्तमानपत्रांतून आकड्यांची चित्रे फार येतात. पर्जन्यमानाचे नकाशे, निवडणुकीची रंगीत पाने, साक्षरतेचे उंच-ठेंगणे खांब, अंदाजपत्रकाच्या दिवशी पोळीसारखे तुकडे केलेले रुपयाचे वर्तुळ. अशी चित्रे मी आवडीने पाहतो आणि बहुतेक वेळा चिडून पान उलटतो. चित्र देखणे असते. परंतु त्यातले मोजलेले किती आणि चितारलेले किती, हे सांगण्याची तसदी चित्रकाराने घेतलेली नसते. लॅम्बटनने आयुष्यभर नेमकी हीच तसदी घेतली.

त्याच्या जन्मसालाविषयीच एकमत नाही. कोणी १७५३ म्हणतात, कोणी १७५६. पृथ्वीचा आकार विकलांच्या हिशेबात ठरवू पाहणाऱ्या माणसाचे स्वतःचे वय तीन वर्षांनी इकडेतिकडे व्हावे, ही मोठी गंमतच म्हणायची! इंग्लंडात यॉर्कशायरमधील क्रॉस्बी ग्रेंज नावाच्या वस्तीवर, शेतीवर पोट असलेल्या गरीब घरात तो जन्मला. गणितातली हुशारी शाळेतच दिसून आली. १७८१ साली ३३व्या पायदळ पलटणीत तो अगदी खालच्या दर्जाचा अधिकारी म्हणून लागला आणि अमेरिकेला गेला. तेथे इंग्रजांनी युद्ध गमावले. लॅम्बटन मात्र तिकडेच, न्यू ब्रन्सविक प्रांतात, जमिनीची मोजणी आणि बराकींची देखरेख करीत सुमारे तेरा वर्षे राहिला. सूर्यग्रहण पाहण्याच्या नादात त्याने एका डोळ्याची दृष्टी घालवली असे सांगतात. पुस्तके वाचावीत, तारे पाहावेत, कोणाच्या अध्यात नसावे, असा त्याचा क्रम. हिंदुस्थानात तो उतरला तेव्हा चाळिशी उलटलेली होती आणि हुद्दा अजून लेफ्टनंटचाच होता. त्याच्या पलटणीचा मुख्य मात्र त्याच्याहून पुष्कळ लहान असा आर्थर वेलस्ली होता. हाच पुढे असईला आपल्या शिंदे-भोसल्यांशी लढला आणि त्याहून पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी.

लॅम्बटनकडे लोकांचे लक्ष गेले ते एका अंधाऱ्या रात्री. १७९९च्या एप्रिलात टिपूच्या श्रीरंगपट्टणला वेढा पडला होता. जनरल बेअर्डची एक तुकडी रात्री एका झाडीची झडती घेऊन आपल्या छावणीकडे परतत होती. लॅम्बटनने आकाशाकडे पाहिले आणि बेअर्डला जाऊन सांगितले की आपण दक्षिणेस नव्हे, उत्तरेस, म्हणजे सरळ टिपूच्या तळाकडे चाललो आहोत. तारे पाहून दिशा सांगणाऱ्या या प्रौढ लेफ्टनंटचे म्हणणे जनरलला प्रथम पटले नाही. मग होकायंत्र पाहिले, तेव्हा तारे खरे ठरले. आमची सहानुभूती त्या लढाईत कोणत्या बाजूला असावी, हा प्रश्न येथे मी बाजूला ठेवतो. मला कौतुक वाटते ते एवढ्याचेच, की शेकडो माणसे एका दिशेने आत्मविश्वासाने चालली असताना त्याने पायांवर विश्वास न ठेवता वर मोजमाप पाहिले.

टिपू पडला, म्हैसूरचा मुलूख हाती आला. हा मुलूख केवढा, हे मात्र कोणालाच धड ठाऊक नव्हते. त्या वेळी हिंदुस्थानचा प्रमाण मानला जाणारा नकाशा मेजर जेम्स रेनेलचा. रेनेल थोर माणूस, यात शंका नाही. पण त्याचा बराच भाग फौजांच्या कूचमार्गांवर, चाक फिरवून मोजलेल्या रस्त्यांवर आणि प्रवाशांच्या टिपणांवर आधारलेला होता. कोणती जागा कशाच्या आधारे मांडली, हे रेनेलने सोबतच्या पुस्तकात प्रामाणिकपणे लिहिले होते. परंतु भिंतीवर टांगलेल्या नकाशासोबत पुस्तक कोण टांगतो? कागदावर मोजलेला किनारा आणि अंदाजाचा किनारा सारख्याच काळ्या शाईत उमटला होता. पाहणाऱ्याने सगळाच खरा मानला.

लॅम्बटनने मद्रासपासून मंगळूरपर्यंत, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, त्रिकोणांची साखळी नेण्याची योजना मांडली. वेलस्लीने शिफारस केली आणि सरकारने होकार दिला. तरी खर्चाचे कागद पाहणाऱ्या मंडळींत कुरकुर होतीच. श्रीरंगपट्टणला जायचे तर पालखीच्या भोयांना सांगितले की ते बिनचूक पोहोचवतात, त्याला नकाशा कशाला, असा एका सभासदाचा सवाल होता. हा सवाल मला अगदीच मूर्खपणाचा वाटत नाही. भोयाला रस्ता खराच माहीत असतो. पण राज्याची रुंदी भोयाला विचारून कळत नाही.

ती रुंदी निघाली आणि खळबळ उडाली. पूर्वीच्या नकाशांत मद्रासपासून पश्चिम किनारा सुमारे ४०० मैल दूर होता. लॅम्बटनच्या त्रिकोणांतून तो सुमारे ३६० मैल ठरला. चाळीस मैलांचा मुलूख नुसत्या गणिताने समुद्रात गेला! कंपनी सरकारने एवढा खर्च करून जमीन गमावली, असा विनोद त्या वेळी सुचला नसेल तरच नवल. वस्तुतः गमावले काहीच नव्हते. ते चाळीस मैल कधी नव्हतेच. ते चित्रात होते.

येथे एका समकालीन माणसाचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. विल्यम प्लेफेअर हा स्कॉटलंडचा गृहस्थ. धंद्यांत बुडालेला, अनेक भानगडींत सापडलेला, पण कल्पक. १७८६ साली त्याने व्यापाराचे आकडे प्रथमच रेषांच्या चढउतारांनी आणि खांबांनी दाखवले. आज वर्तमानपत्रांत दिसणाऱ्या आलेखांचा हा मूळपुरुष. १८०१ साली त्याने आणखी एक पुस्तक काढले. त्यात युरोपातील राज्ये रंगीत वर्तुळांनी दाखवली होती, आणि एका वर्तुळाचे पोळीसारखे तुकडे पाडण्याची युक्तीही त्यातच प्रथम आली. पुस्तकाला एक पुरवणी होती, ती हिंदुस्थानातील राज्यकर्त्या सत्तांची, त्याच पद्धतीने. आपल्यासारख्या संस्थानी शहरातल्या वाचकांना हे वाचून मौज वाटेल, की आपल्या राज्यांची वर्तुळे लंडनमध्ये दीडपावणेदोन शतकांपूर्वी नव्हे, सव्वादोनशे वर्षांपूर्वीच छापून झाली होती.

मात्र साल पाहा. प्लेफेअरची वर्तुळे १८०१ची. लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली आधाररेषा मोजायला घेतली ती १८०२च्या एप्रिलात. म्हणजे हिंदुस्थानातल्या सत्तांची लहानमोठी वर्तुळे रंगवली गेली तेव्हा त्या मुलखावर लॅम्बटनच्या त्रिकोणांची साखळी अजून सुरूही झाली नव्हती. यात प्लेफेअरचा दोष मी धरत नाही. मिळाले त्या आकड्यांवर त्याने काम केले. पण कंपास फिरवून काढलेले वर्तुळ इतके नेटके दिसते, की आतला आकडाही तितकाच नेटका असणार असे डोळ्याला वाटून जाते. चाळीस मैलांची चूक वर्तुळाच्या कडेवर दिसत नाही.

लॅम्बटनची हत्यारे आणि त्यांचे भोग यांवर एक स्वतंत्र लेख होईल. थिओडोलाइट हे त्याचे मुख्य यंत्र लंडनच्या कॅरी नावाच्या कारागिराने बनवलेले. त्याचे वजन सुमारे अर्धा टन आणि कोन मोजण्याचे चक्र तीन फूट व्यासाचे. येताना जहाज फ्रेंचांच्या हाती सापडले, यंत्र मॉरिशसला उतरले आणि तिथल्या फ्रेंच गव्हर्नराने ते सौजन्याने मद्रासला पाठवून दिले. शास्त्राच्या कामात शत्रूनेही आड येऊ नये ही रीत तेव्हा होती. शंभर फुटी पोलादी साखळीची हकीकत याहून मजेची. ती इंग्रज वकिलातीबरोबर चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेली होती. तिथे कोणाला नको झाली, आणि फिरत फिरत कलकत्त्याला येऊन लॅम्बटनच्या हाती पडली.

१८०८ साली तंजावरला मोठा घात झाला. सपाट मुलखात टेकड्या नाहीत म्हणून देवळाच्या उंच शिखरावर यंत्र चढवीत असता दोर सुटला आणि ते भिंतीवर आदळले. चक्र वाकडे झाले. नवे मागवायचे तर वर्षे जाणार. लॅम्बटनने तंबू बंद करून घेतला, निवडक कारागीर बरोबर घेतले आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या यांच्या साह्याने सुमारे सहा आठवड्यांत ते चक्र केसाकेसाने ओढून पुन्हा गोल केले. इतका धीर ज्याला आहे त्याच्या हातून काढलेली रेष मी डोळे मिटून मान्य करीन.

डोळे मिटून मानण्याची गरज त्याने ठेवलीच नाही, हे त्याचे खरे मोठेपण. आपले काम तो एशियाटिक रिसर्चेस या ग्रंथमालेत छापून टाकीत असे. तिथले त्याचे तक्ते पाहण्यासारखे आहेत. प्रत्येक त्रिकोणाचे तिन्ही कोन यंत्राने दिसले तसे आधी दिलेले. पृथ्वी गोल असल्याने अशा मोठ्या त्रिकोणांची बेरीज १८० अंशांहून किंचित जास्त भरते, पाऊणशे चौरस मैलांमागे साधारण एक विकला; तो अधिक भाग वेगळ्या रकान्यात. मग उरलेली चूक किती, तिचाही रकाना. आणि शेवटी हिशेबासाठी दुरुस्त केलेले कोन. म्हणजे वाचणाऱ्याला हवे तर तो उलटा प्रवास करून पाहू शकतो. ज्याने आपल्या चुकीला स्वतंत्र रकाना दिला, असा हिशेबनीस आपल्यापैकी कितींनी पाहिला आहे? आपल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या देशपांडेपण, कुलकर्णीपण चालले. वहीत खाडाखोड दिसू नये म्हणून पान नव्याने लिहिण्याचीच आपली परंपरा.

या तक्त्यांवरून काढलेला त्रिकोणांचा नकाशा दिसायला अगदी गरीब आहे. टेकड्यांची नावे, त्यांना जोडणाऱ्या बारीक रेषा, आणि बाकी कागद बव्हंशी कोरा. मोजले आहे तिथे रेष आहे. मोजले नाही तिथे शाई नाही. सामान्य माणसाला यात पाहण्यासारखे काहीच वाटणार नाही. मला विचाराल तर आकड्यांचे चित्र कसे असावे याचा हा उत्तम नमुना आहे.

उलट नमुना पाहायचा असेल तर फार लांब जायला नको. २०११च्या शिरगणतीप्रमाणे साक्षरतेचे प्रमाण कर्नाटक राज्यात ७५.३६ टक्के, बिदर जिल्ह्यात ७०.५१ आणि गुलबर्ग्यात, म्हणजे आताच्या कलबुर्गीत, ६४.८५ टक्के होते. हे तीन खांब कोणी साठावर पाय ठेवून उभे केले, तर राज्याचा खांब कलबुर्गीच्या तिपटीहून उंच दिसतो. शून्यापासून उभे केले तर फरक सहाव्या हिश्श्याएवढा. आकडे तेच, खोटे कुठेही छापलेले नाही. पण पहिल्या चित्रात कलबुर्गीचा माणूस अडाणी ठरतो आणि दुसऱ्यात थोडा मागे असलेला शेजारी. सवडीने खालचा आकडा वाचणारे वाचक शंभरात किती? तसेच त्या तुरीच्या पोत्यांचे. कलबुर्गी हे तुरीचे कोठार, तेव्हा पीक दुप्पट झाले की चित्रकार हौसेने पोते दुप्पट उंच काढतो, आणि प्रमाण बिघडू नये म्हणून दुप्पट रुंदही. पोते कागदावर चौपट जागा अडवते, आणि पोत्यात तूर भरून पाहिली तर आठपट मावेल. बाजारात माप असे धरणाऱ्या आडत्याला शेतकऱ्याने एक दिवस टिकू दिले नसते.

हे सारे चित्रकार मुद्दाम करतात असे मी म्हणत नाही. घाई असते, जागा थोडी असते, आणि पान उठून दिसले पाहिजे असा आग्रह असतो. खांब शून्यापासून काढले तर तिघांत फारसा फरक दिसत नाही आणि मग चित्र कशाला, असाही प्रश्न पडत असेल. त्याला उत्तर एकच, की मग चित्र काढू नये. तीन आकडे एका ओळीत लिहावेत.

आता बिदरकडे वळतो. मंगळूरचा आडवा पट्टा झाल्यावर लॅम्बटनचे खरे वेड सुरू झाले होते. ते म्हणजे दक्षिणोत्तर एकच रेखावृत्त धरून कन्याकुमारीपासून वर सरकत जाणे आणि पृथ्वी नेमकी किती चपटी आहे हे ठरवणे. बंगळूर झाले, १८११ साली गुत्ती झाले. १८१५ साली तो निजामाच्या मुलखात बिदरच्या परिसरात पोहोचला. गादीवर सिकंदर जाह होते. त्रिकोणांची साखळी लांबत गेली की चुकाही साठत जातात, म्हणून ठरावीक अंतराने जमिनीवर एक रेषा प्रत्यक्ष मोजून गणिताचा पडताळा पाहायचा असतो. तीच ही आधाररेषा.

आठ मैल जमीन मोजणे यात काय मोठे, असे वाटेल. शंभर फुटांची साखळी सव्वाचारशे वेळा मांडायची, एवढेच. पण ती जमिनीवर टाकून चालत नाही. खुंट्यांवर लाकडी पेट्या समपातळीत बसवून त्यांत ती ताणावी लागते. वर सावली हवी, शेजारी उष्णतामापक हवेत, कारण पोलाद तापले की वाढते. सगळ्या साखळीला दहा अंश फॅरेनहाइट उष्णता जास्त लागली आणि हिशेबात धरली नाही, तर आठ मैलांत अडीच फुटांहून अधिक चूक पडते. बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास उंच. उंचावर मोजलेली लांबी समुद्रपातळीवर आणली की तीतून सुमारे चार फूट वजा होतात. लाल मातीत, उन्हात, भोवती गावकऱ्यांची गर्दी, आणि साहेब उष्णतामापकाचा आकडा लिहून घेतो आहे, असे ते दृश्य असणार.

गावकऱ्यांना काय वाटत असेल? दुर्बिणीतून माणूस उलटा दिसतो, तेव्हा साहेब टेकडीवरून आमच्या बायका उलट्या करून पाहतो, असा समज या मोजणीच्या काळात ठिकठिकाणी पसरला होता. जमिनीखालचे धन शोधतो, असाही. हसून सोडून देण्यासारख्या या गोष्टी नव्हेत. मोजणीमागून सारा येतो, साऱ्यामागून जप्ती, हे रयतेला अनुभवाने ठाऊक होते. लॅम्बटन ज्ञानासाठी मोजत होता. त्याला पगार देणारे सरकार ज्ञानासाठी देत नव्हते. आणि त्या नकाशात टेकड्यांची नावे आहेत, तशी निशाणे घेऊन त्या टेकड्यांवर ताप अंगावर काढणाऱ्या खलाशांची नावे नाहीत. कोऱ्या जागेतली ही एक जागा मात्र मोजमापाअभावी कोरी राहिली नाही.

याच बिदरच्या भूमीवर पुढे एक निराळी रेषा आखली गेली, आणि ती अनेक वाचकांच्या घरातून गेली आहे. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडले. बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात आले, नारायणखेड आणि जहीराबादकडचा भाग आंध्र प्रदेशात गेला, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. गुलबर्ग्यातून कोडंगल आणि तांडूर आंध्रकडे गेले. या वादात दोन्ही बाजूंनी भाषेचे नकाशे छापले जात. तालुका किंवा जिल्हा घ्यायचा, ज्या भाषेचे बोलणारे सर्वांत जास्त तिचा रंग साऱ्या तुकड्याला फासायचा, ही त्यांची पद्धत. १९५१च्या शिरगणतीत बिदर जिल्ह्यात एकाही भाषेचे लोक निम्मे नव्हते. मराठीचा वाटा सर्वांत मोठा, पण निम्म्याच्या खाली. मागोमाग कानडी, तेलुगु, उर्दू. या जिल्ह्याला कोणताही एक रंग द्या, अर्ध्याहून जास्त माणसे पुसली जातात. रंग मराठीचा दिला तरीही.

माझे आजोळ औराद तालुक्यातले. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीच्या कागदात उर्दू, आणि सीमेपलीकडच्या कुळाशी तेलुगु, असे आजोबांचे चालत असे. त्यांना कोणत्या रंगात बुडवावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. शिरगणतीच्या कागदावर मातृभाषेची एकच नोंद होते, हे मान्य. पण निदान नकाशा काढणाऱ्याने रंगाऐवजी ठिपके द्यावेत, हजार माणसांमागे एक ठिपका, ज्या भाषेचा त्या रंगाचा. मग बिदर जसे आहे तसे, धान्यात धान्य मिसळल्यासारखे दिसेल. सीमा कुठे आखावी याचे उत्तर त्यातून मिळाले नसते, हे खरे. पण सीमा आखणे किती अवघड आहे हे तरी दिसले असते, आणि ते दिसले असते तर दोन्ही बाजूंचे आवाज थोडे खाली आले असते असे मला वाटते. राज्याच्या रंगात जो माणूस दिसत नाही, त्याच्या शाळेचा शिक्षकही कोणाला दिसत नाही. सीमाभागात मराठी शाळा चालवू पाहणाऱ्या कुटुंबांना हे निराळे सांगायला नको. उदगीरकडे राहून गेलेल्या कानडी घरांनाही नको.

लॅम्बटनचे शेवटचे पर्व हैदराबादेत गेले. १८१७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. फ्रेंचांनी त्याच सुमारास आपल्या विद्वत्सभेत त्याला मान दिला होता. पुढल्या वर्षी त्याच्या मोजणीला हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी असे भारदस्त नाव मिळाले, आणि मदतीला जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण, तापट अधिकारी आला. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलांत या तरुणाला तापाने असे झोडपले की तो मरता मरता वाचला. सत्तरीकडे झुकलेला लॅम्बटन मात्र वऱ्हाडात एलिचपूरजवळ आणखी एक आधाररेषा मोजून घेत होता. खोकला जडला होता, अंगात त्राण नव्हते. हैदराबादेहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी वाटेत हिंगणघाटच्या मुक्कामी तो वारला. तोवर सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल मुलूख त्याच्या त्रिकोणांखाली आला होता. योगायोग असा, की रंगीत वर्तुळांचा तो प्लेफेअर तीनच आठवड्यांनी, ११ फेब्रुवारीला, लंडनमध्ये मरण पावला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

एव्हरेस्टने काम पुढे नेले ते बिदरपासूनच. १८३० साली त्याने छापलेला पहिला मोठा ग्रंथ बिदरच्या ईशान्येच्या दामरगिद्दा या केंद्रापासून माळव्यातल्या कल्याणपूरपर्यंतच्या कमानीचा आहे. पण स्वभावाने तो कोणावरही भरवसा ठेवणारा नव्हता. लॅम्बटनची जुनी साखळी आता पुरेशी खात्रीची नाही असे त्याचे मत झाले. लोखंड आणि पितळ यांच्या जोडपट्ट्यांची नवी साधने इंग्लंडहून आणली होती. उष्णतेने एक पट्टी वाढली तरी दुसरीच्या वाढीने मधले अंतर कायम राहावे, अशी त्यांची रचना. ही साधने घेऊन अँड्र्यू वॉ नावाच्या अधिकाऱ्याने १८४१ साली बिदरची रेषा पुन्हा मोजली.

माळव्यात सिरोंजपाशी अशाच साधनांनी दुसरी रेषा मोजलेली होती. तेथून त्रिकोणांमागून त्रिकोण सोडवीत, सव्वाचारशे मैल दक्षिणेस येऊन बिदरच्या रेषेची लांबी किती असावी हे गणिताने काढले, आणि माळावर प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीशी ताडून पाहिले. जवळजवळ आठ मैलांत फरक पडला तो चार-साडेचार इंचांचा. तो फरक त्यांनी लपवला नाही. लॅम्बटनच्या तक्त्यांतला चुकीचा रकाना त्याच्या मागून आलेल्यांनीही चालू ठेवला.

याच वॉ साहेबाने १८५६ साली हिमालयातील सर्वांत उंच शिखराला आपल्या आधीच्या अधिकाऱ्याचे, एव्हरेस्टचे, नाव सुचवले, आणि ते जगाच्या तोंडी बसले. लॅम्बटनच्या नावाचे शिखर नाही. त्याची कबर वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला आहे.